दादाभाई नवरोजी : मोफत शाळेचा एक विद्यार्थी

इंग्रजी भाषा शिकूं लागलेल्या मुलास आरंभींचीं कांहीं वर्षें फार जड जातात. घरीं एक भाषा व वर्गांत दुसरी, अशा स्थितींत कित्येक हुशार मुलें मागें पडतात आणि लोक त्यांस मंदबुद्धि ठरवून मोकळे होतात. अशा मुलास वेळींच ओळखून आधार दिला असतां केवढें कार्य होतें, हें दादाभाई नवरोजी यांच्या चरित्रावरून दिसून येतें. म्हणून तें आम्हीं येथें थोडक्यांत देत आहों.

दादाभाईंचा जन्म ता. ४ सप्टेंबर १८२५ रोजीं मुंबईंत एका गरीब पारशी कुटुंबांत झाला. ते चार वर्षांचे असतांनाच त्यांचे वडील वारले. आई माणेकबाई निरक्षर होत्या. परंतु त्यांची माया जितकी थोर, तितकाच धाकही कडक होता. त्या काळीं मुंबईंत नेटिव एज्युकेशन सोसायटीनें नव्या पद्धतीच्या शाळा काढल्या होत्या. तेथें एक शाखा देशी भाषेची व दुसरी इंग्रजीची असे, आणि शिक्षण अगदीं मोफत मिळे. मुलास या शाळेंत घाला, असा सल्ला मेहताजींनीं माणेकबाईंस दिला व त्या माउलीनें तो मानला. फी द्यावी लागती, तर हें शिक्षण त्यांस परवडलें नसतें.

मुलाची खरी योग्यता कशी पारखावी, याविषयींची त्यांच्या शाळेंतील एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. तोंडी हिशेबांत एका सोबत्यानें पुस्तकांतील सारीं उत्तरें पाठ करून पहिलें बक्षीस मिळविलें. परंतु समारंभाच्या वेळीं कोणी पाहुण्यानें पुस्तकाबाहेरचे प्रश्न विचारतांच तो गप्प झाला. तेव्हां दादाभाईंनीं पुढें होऊन उत्तरें दिलीं, व एका गृहस्थानें तेथल्या तेथें त्यांस निराळें बक्षीस दिलें. पाठांतर निराळें व समज निराळी, हें सर्वांस कळलें.

पुढें एल्फिन्स्टन विद्यालयांत त्यांस क्लेअर शिष्यवृत्ति मिळाली. मनाच्या सुधारणेविषयींचा वॉट्स याचा इंग्रजी ग्रंथ त्यांनीं मन लावून वाचला. जेथें एका शब्दानें काम भागतें तेथें दोन वापरूं नयेत, हा नियम त्यांनीं त्यावरून घेतला. गुजराती शाहनाम्याचीही त्यांस तितकीच गोडी होती. इंग्रजीसाठीं त्यांनीं मातृभाषा टाकली नाहीं. तिशीच्या आंतच ते त्याच विद्यालयांत गणिताचे प्राध्यापक झाले. हा मान मिळविणारे ते पहिलेच हिंदी गृहस्थ होत.

आपलें शिक्षण गोरगरिबांच्या पैशावर झालें, तेव्हां तें ऋण फेडलेंच पाहिजे, ही जाणीव त्यांनीं जन्मभर बाळगली. १८४९ सालीं त्यांनीं व त्यांच्या मित्रांनीं मुलींसाठीं गुजराती व मराठी शाळा उघडल्या, आणि लोकांची निंदा सोसून तेथें फुरसतीच्या वेळीं विनावेतन शिकविलें. १८५५ सालीं ते व्यापारानिमित्त विलायतेस गेले. तेथें १८५६ पासून सुमारें दहा वर्षें लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत ते गुजरातीचे प्राध्यापक होते. ज्या मुलास परकी भाषा शिकविण्यांत आली, त्यानेंच परक्यांस आपली भाषा शिकविली!

१८९२ सालीं अगदीं थोड्या मतांनीं निवडून येऊन ते पार्लमेंटांत बसले. देशाची संपत्ति परदेशीं कशी वाहून जाते, हें त्यांनीं सरकारी आंकड्यांच्याच आधारें व इंग्रजींतच राज्यकर्त्यांस दाखवून दिलें. १८८६, १८९३ व १९०६ सालीं ते राष्ट्रीय सभेचे अध्यक्ष झाले. ता. ३० जून १९१७ रोजीं त्यांचें देहावसान झालें.

एका मेहताजींची पारख, एका विधवा मातेचा निर्धार आणि एका शाळेचा मोफत आधार, एवढ्यावर हें मोठें जीवन उभें राहिलें. आमच्या बालमित्रांपैकीं ज्यांस इंग्रजी अवघड वाटतें, त्यांनीं खचून न जातां शिक्षकांस आपली अडचण सांगावी. आणि पालकांनीं, स्वतःस ती भाषा येत नसली तरी, मुलाच्या अभ्यासावर लक्ष ठेवावें. माणेकबाईंस तरी कोठें अक्षर येत होतें!