बुद्धिमापनाचे जनक आल्फ्रेड बिने

वर्गात मागे पडणाऱ्या मुलावर ‘ढ’ असा शिक्का मारणे सोपे असते. ते मागे का पडले हे शोधणे अवघड. हे अवघड काम अंगावर घेणारे फ्रेंच मानसशास्त्रज्ञ म्हणजे आल्फ्रेड बिने.

बिने यांचा जन्म ८ जुलै १८५७ रोजी नीस येथे झाला. त्यांनी कायद्याची पदवी घेतली, पण वकिलीत मन रमले नाही. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात बसून ते स्वतःच मानसशास्त्र शिकले. १८९४ साली ते सॉरबॉन येथील मानसशास्त्रीय प्रयोगशाळेचे संचालक झाले. त्या काळी डोक्याच्या आकारावरून बुद्धी ठरविण्याची पद्धत होती. बिने यांनीही शाळकरी मुलांची डोकी मोजली. परंतु त्यातून काही निष्पन्न होत नाही हे पाहून ती वाट सोडली.

फ्रान्समध्ये १८८२ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले. सर्व थरांतील मुले शाळेत आली आणि ज्यांना नेहमीचा अभ्यास झेपत नाही त्यांना ओळखावे कसे, हा प्रश्न उभा राहिला. १९०४ साली सरकारने त्यासाठी समिती नेमली; बिने तिचे सदस्य होते. पुढच्याच वर्षी डॉ. थिओडोर सिमाँ यांच्या सहकार्याने त्यांनी ३० प्रश्नांची चाचणी तयार केली. तिचा भर पाठांतरावर नव्हता. समज व निर्णयशक्ती यांवर होता. १९०८ साली प्रश्नांची वयानुसार मांडणी झाली. आठ वर्षांचे मूल सर्वसाधारण सहा वर्षांच्या मुलाइतकेच प्रश्न सोडवीत असेल, तर त्याचे मानसिक वय सहा, असा हिशेब त्यातून निघाला.

१८ ऑक्टोबर १९११ रोजी, वयाच्या ५४ व्या वर्षी बिने निवर्तले. बुद्धिगुणांक त्यानंतरचा. मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागण्याची कल्पना विल्यम स्टर्न यांनी १९१२ साली मांडली. अमेरिकेत टर्मन यांनी १९१६ साली त्या भागाकाराला १०० ने गुणले. आपल्याकडे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या चाचण्या मराठी व कानडी मुलांसाठी तयार केल्या.

पुढे अनेकांनी हा आकडा म्हणजे जन्माचे विधिलिखित मानले. बिने यांचे मत नेमके उलट होते. सरावाने लक्ष, स्मरण व समज वाढते, असे ते मानीत. मंद मुलांसाठी त्यांनी तसे व्यायामही सुचविले. वैद्य नाडी पाहतो ती औषध देण्यासाठी. आपण शिक्षकांनी गुणपत्रिका हाती घेताना एवढे ध्यानात ठेवले, तरी पुष्कळ मुले शाळेत टिकतील.