कै. शंकर बाळकृष्ण दीक्षित व आकाशाची साक्ष

आज तिथि कोणती व नक्षत्र कोणतें असें आमच्या वाचकांस विचारल्यास ते तत्काळ भिंतीवरील पंचांगाकडे बोट दाखवितील. पण तेंच नक्षत्र आकाशांत दाखवा म्हटल्यास किती जणांस दाखवितां येईल याची आम्हांस मोठी शंका आहे. ज्यानें गोष्ट डोळ्यांनीं पाहिली त्याची जबानी ग्राह्य व ऐकीव गोष्ट अग्राह्य, हा न्यायाचा नियम आम्ही दुकानांत व कोर्टांत कसोशीनें पाळतों. मात्र ज्या आकाशावर आमचे सण, व्रतें व मुहूर्त उभे आहेत, त्याच्याविषयीं आम्ही केवळ ऐकीव पुराव्यावर विसंबतों. ही संवय ज्या गृहस्थांनीं आपल्या उदाहरणानें खोटी ठरविली, त्यांचें चरित्र आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

दीक्षितांचा जन्म १८५३ सालीं रत्नागिरी जिल्ह्यांतील मुरूड गांवीं झाला. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजांत शिक्षण घेऊन व मॅट्रिकची परीक्षा उतरून त्यांनीं शाळामास्तरकी पतकरली, आणि रेवदंडा, ठाणें, बार्शी, धुळें व अखेरीस पुणें अशा ठिकाणीं ती जन्मभर केली. पदवी नाहीं, संपत्ति नाहीं, हाताशीं वेधशाळा नाहीं. होतें तें इतकेंच: संस्कृत ग्रंथ मुळांतून वाचण्याची चिकाटी, गणिताची आवड आणि रात्रीं मान वर करून पाहण्याची तयारी.

१८९२ सालीं त्यांनीं मराठी वाचकांकरितां ‘ज्योतिर्विलास’ हें पुस्तक प्रसिद्ध केलें व त्यास ‘रात्रीची दोन घटका मौज’ असें दुसरें गोड नांव दिलें. या विषयाचें मर्म थोडक्यांत असें आहे. आकाश फिरतांना दिसतें तें पृथ्वी फिरते म्हणून. ती आपल्या आंसाभोंवतीं पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून सारें तारामंडल उलट पूर्वेकडून पश्चिमेकडे चाललेलें दिसतें. ती सूर्याभोंवतींही फिरते, म्हणून तोच तारा रोज सुमारें चार मिनिटें व महिन्यानें दोन तास आधीं उगवतो, आणि वर्षानें पुनः पहिल्या वेळेवर येतो. ध्रुव ज्या गांवांतून पाहावा त्या गांवच्या अक्षांशाइतका जवळजवळ उंच दिसतो. धुळ्यास तो सुमारें २१ अंशांवर, तर पुण्यास साडेअठरा अंशांवर. तारे लुकलुकतात तें त्यांच्या अंगीं चंचलता आहे म्हणून नव्हे, तर आमच्या डोक्यावरील हवा हलते म्हणून. सारांश, जें दिसतें तें खरें, पण तें कां दिसतें याचा निवाडा बुद्धीनें केला पाहिजे.

या निवाड्याचा सर्वांत मोठा नमुना म्हणजे दीक्षितांचा कृत्तिकांविषयींचा शोध होय. शतपथ ब्राह्मणांत असें सांगितलें आहे कीं, इतर नक्षत्रें पूर्व दिशेपासून ढळतात, कृत्तिका मात्र ढळत नाहींत. शेंकडों पंडितांनीं हें वाक्य पाठ केलें असेल. दीक्षितांनीं त्याची आकाशाशीं पडताळणी केली. आमच्या प्रांतांतून पाहतां आज कृत्तिका ठीक पूर्वेस उगवत नाहींत, सुमारें पंचवीस अंश उत्तरेस उगवतात. मग ग्रंथकार खोटें बोलला काय? नाहीं. पृथ्वीचा आंस भोंवऱ्याप्रमाणें हळूहळू डोलतो. एका फेऱ्यास सुमारें २६,००० वर्षें लागतात व ७२ वर्षांत संपातबिंदु एक अंश सरतो. तेव्हां कृत्तिका बरोबर पूर्वेस कधीं उगवत होत्या हें गणितानें काढतां येतें, आणि दीक्षितांच्या मतें तो काळ शकापूर्वीं सुमारें तीन हजार वर्षांचा ठरतो. हें अनुमान त्यांनीं १८९५ सालीं विद्वानांपुढें मांडलें. त्या वाक्याचा असा अर्थ करणें सर्वांस मान्य झालें नाहीं व आजही वाद आहे. परंतु वाद घालणारासही अखेर आकाशासच साक्षीस बोलवावें लागतें, हें या शाळामास्तरांचें यश होय.

त्यांच्या गणिताचा लौकिक लवकरच पसरला. फ्लीट साहेबांनीं गुप्त राजांच्या शिलालेखांवरून गुप्त संवताचा आरंभ इ. स. ३१९-३२० असा ठरविला, त्या १८८८ च्या ग्रंथांत दीक्षितांच्या गणिताचें साह्य होतें. १८९६ सालीं सिवेल साहेबांबरोबर लिहिलेला त्यांचा इंग्रजी कालगणनाग्रंथ निघाला, आणि त्याच वर्षीं ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा मराठी महाग्रंथ छापून आला. पुढें मराठी न जाणणाऱ्यांकरितां त्याचें इंग्रजी भाषांतर करावें लागलें. आमच्या भाषेंत शास्त्रीय संशोधन होत नाहीं असें म्हणणारांनीं हें ध्यानांत ठेवावें.

पण दीक्षित केवळ भूतकाळाचे हिशेबनीस नव्हते. सूर्य प्रत्यक्ष उत्तरेकडे वळतो डिसेंबरच्या २१-२२ तारखेस, आणि आम्ही मकरसंक्रांत करतों जानेवारीच्या १४-१५ तारखेस! ही सुमारें चोवीस दिवसांची तूट संपाताच्या त्याच चलनामुळें पडली आहे व ती वाढत जाणार आहे. सण ऋतूंस धरून असावेत, म्हणून विसाजी रघुनाथ लेले व जनार्दन बाळाजी मोडक यांच्याबरोबर त्यांनीं सायन पंचांगाचा पुरस्कार केला. लोकांनीं तें उचललें नाहीं. पुढें १९५२ सालीं मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालीं सरकारनें समिति नेमली आणि २२ मार्च १९५७ पासून ऋतूंस धरून चालणारी राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. तरी घरोघरचीं बहुतेक पंचांगें निरयणच राहिलीं आहेत. जो व्यापारी वहींत एका पैशाची चूक राहूं देत नाहीं, तो चोवीस दिवसांची चूक मुकाट्यानें पुढच्या वर्षाच्या वहींत ओढतो, हें नवल नव्हे काय?

१८९८ सालीं, वयाच्या अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षीं दीक्षित वारले. त्यांचें स्मारक दगडाचें नको. लक्ष्मीपूजनाची रात्र अमावास्येची असते. त्या दिवशीं वहीपूजन आटोपलें म्हणजे नऊच्या सुमारास दिव्यांच्या लखलखाटापासून दूर, गच्चीवर किंवा गांवाबाहेर मुलांस घेऊन जावें, पूर्वेकडे थोडें उत्तरेस पाहावें व तो इवल्याशा ताऱ्यांचा पुंजका त्यांस दाखवावा. तो ठीक पूर्वेस कां नाहीं, असें एका मुलानें जरी विचारलें, तरी दीक्षितांचें कार्य पुढें चाललें असें आम्ही समजूं.