परक्या लेकरांची आई : सावित्रीमाई फुले

दरवर्षी 3 जानेवारीला आम्ही सावित्रीमाईंची जयंती साजरी करतो. वक्ते येतात, शेणाच्या आणि दगडांच्या गोष्टी सांगतात, टाळ्या पडतात, चहा होतो. त्या गोष्टी खऱ्याच आहेत. शाळेत जाताना अंगावर घाण फेकली जाई म्हणून त्या दुसरे लुगडे सोबत नेत, हे त्या काळच्या माणसांनी सांगून ठेवले आहे. पण ज्या मुलांसाठी हे सारे सोसले त्या मुलांचे काय झाले, हे सहसा कोणी सांगत नाही. म्हणून या स्मरणिकेत आम्ही माईंचे चरित्र लेकरांच्या बाजूने मांडायचे ठरवले.

सावित्रीबाईंचा जन्म 3 जानेवारी 1831 रोजी सातारा जिल्ह्यातील नायगावी, खंडोजी नेवसे पाटलांच्या घरी झाला. 1840 साली लग्न झाले तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या आणि जोतीराव तेरा वर्षांचे. म्हणजे दोघेही पोरंच. जोतीरावांची आई चिमणाबाई ते तान्हे असतानाच गेली. त्यांना वाढवले त्यांच्या मावसबहिणीने, सगुणाबाई क्षीरसागर यांनी. सगुणाबाई मिशनऱ्याच्या घरी मुले सांभाळायच्या. आईवाचून राहिलेल्या मुलाला दुसऱ्या बाईने पदराखाली घ्यायचे असते, हे सावित्रीबाईंनी सासरच्याच घरात पाहिले. पुढच्या साऱ्या कामाचे मूळ आम्हाला तिथे दिसते.

जोतीरावांकडे अक्षरे गिरवून सावित्रीबाई शिकल्या आणि 1848 साली पुण्याच्या बुधवार पेठेत भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. शाळा काढणे एकवेळ सोपे, तिच्यात पोरी आणणे कठीण. शिकलेली बाई विधवा होते, तिने लिहिलेल्या अक्षरांच्या अळ्या होऊन नवऱ्याच्या ताटात पडतात, असल्या वावड्या त्या काळी खुशाल उठत आणि घरची माणसे त्या खऱ्या मानत. अशा घरातली मुलगी शाळेत यायची तर आधी तिच्या आईबापाची भीती घालवायला हवी. 3 जुलै 1851 रोजी अण्णासाहेब चिपळूणकरांच्या वाड्यात जी शाळा निघाली, तिच्यात पहिल्या दिवशी फक्त 8 मुली होत्या. पुढे त्या 48 झाल्या. आमच्या मते हा आकडा जितका मुलींचा तितकाच आईबापांचा आहे. चाळीस घरांनी आपली लेक एका बाईच्या हवाली केली, तेही सारे शहर त्या बाईला नावे ठेवत असताना!

त्याच साली रास्ता पेठेत आणि 1852 साली वेताळ पेठेत आणखी शाळा निघाल्या. महार-मांगांच्या मुलांसाठी स्वतंत्र शाळा झाल्या. इकडे स्वतःच्या घराचे दार मात्र बंद झाले होते. समाजाच्या धाकाने गोविंदरावांनी 1849 साली मुलाला आणि सुनेला घराबाहेर काढले. तेव्हा गंज पेठेत उस्मान शेख यांनी जागा दिली. त्यांच्या घरातल्या फातिमा शेख सावित्रीबाईंच्या बरोबरीने शिकवू लागल्या. बेघर झालेले जोडपे दुसऱ्यांच्या पोरांना सावली देत होते.

या शाळांतून काय निघाले? मुक्ता नावाची मातंग समाजाची मुलगी निघाली. कोवळ्या वयात तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो 1855 साली ज्ञानोदय पत्रात छापून आला. आपल्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या घरावर धड छप्परही नसते, हे तिने त्यात मांडले. शाळेतल्या पोरीने घरातले दुःख चारचौघांत सांगावे आणि शिक्षकांनी तिचा हात न धरता ते सांगू द्यावे, हे आजही किती शाळांत घडते ते वाचकांनीच पाहावे.

आता त्या काळात फार कमी लोक बोलत अशी गोष्ट. ब्राह्मण समाजात मुलींची लग्ने लहानपणीच होत, नवरा मेला की केशवपन, आणि त्या कोवळ्या विधवेवर घरातल्याच किंवा शेजारच्या पुरुषाची नजर. दिवस गेले तर विहीर जवळ करायची, नाहीतर जन्मलेल्या मुलाचा गळा आवळायचा. जोतीरावांचे स्नेही सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्याकडे काशीबाई नावाची विधवा स्वयंपाकाला होती. तिची अशीच फसवणूक झाली, तिने मूल विहिरीत टाकले आणि तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. फसवणारा मोकळाच राहिला. या घटनेने नवराबायको दोघेही हलले. 1863 साली त्यांनी आपल्याच आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. विधवांनी गुपचूप येऊन बाळंत व्हावे, मूल न्यायचे तर न्यावे, नाहीतर इथे ठेवावे, अशा अर्थाच्या जाहिराती भिंतींवर लावल्या. त्या बायकांची बाळंतपणे काढणे, त्यांना खाऊ घालणे आणि मागे राहिलेले मूल उराशी धरणे हे काम सावित्रीबाईंचे.

या गृहाचा हिशेब जोतीरावांनी 1884 साली सरकारपुढे मांडला. सुमारे 35 विधवा तिथे बाळंत झाल्या, पण त्यांची 5 मुलेच जगली. बाकीची दगावली, कारण गर्भ लपवण्यासाठी आयांनी आधीच विषारी औषधे घेतलेली असत. जयंतीच्या भाषणात हा आकडा कोणी सांगत नाही. आम्ही मुद्दाम सांगतो. तीस इवली प्रेते सावित्रीबाईंच्या डोळ्यांसमोरून गेली असतील, आणि तरी पुढच्या बाईसाठी दार उघडेच राहिले.

पुढे 1874 च्या सुमारास आणखी एक काशीबाई आली. (या दोन काशीबाईंची भाषणांत नेहमी गल्लत होते, पहिली अंदमानला गेली, दुसरी वेगळी.) तिला झालेला मुलगा फुले दांपत्याने दत्तक घेतला, त्याचे नाव यशवंत ठेवले. स्वतःला मूल नव्हते. दुसरे लग्न करा म्हणून जोतीरावांच्या मागे लोक लागले तेव्हा त्यांनी ते साफ झिडकारले होते. विधवेचे, लोकांच्या दृष्टीने बापाचे नाव नसलेले मूल फुल्यांच्या घराचा वारस झाले आणि पुढे डॉक्टर झाले.

सावित्रीबाईंची जोतीरावांना लिहिलेली पत्रे आज उपलब्ध आहेत. 1868 च्या पत्रात नायगावची हकीकत आहे. गणेश नावाचा ब्राह्मण तरुण आणि सारजा नावाची महाराची मुलगी यांचे प्रेम जमले. तिला सहावा महिना लागला होता. गावाने दोघांना धरले, धिंड काढली, जीवच घ्यायचा बेत होता. सावित्रीबाई धावत गेल्या, इंग्रजांच्या कायद्यात खुनाला काय शिक्षा आहे ते गावकऱ्यांना सुनावले आणि दोघांना सोडवून पुण्याला जोतीरावांकडे पाठवले. तीन जीव वाचले, दोन दिसणारे आणि एक न दिसणारा.

1876-77 च्या दुष्काळात त्या जुन्नर भागात फिरत होत्या. सत्यशोधक कार्यकर्त्यांना धरले गेले तेव्हा त्या कलेक्टरशी बोलायला उभ्या राहिल्या. माणसे तर सुटलीच, वर साहेबाने चार गाड्या ज्वारी दिली, असे ओतूरहून लिहिलेल्या पत्रावरून कळते. 1877 साली सत्यशोधक समाजाने धनकवडीला व्हिक्टोरिया बालाश्रम काढून दुष्काळी मुलांच्या जेवणाची सोय केली. उपाशी पोराला पाटी काय कामाची, हे या मंडळींना कोणी शिकवायची गरज नव्हती.

घरी मुलांचे वसतिगृह होतेच. तिथे राहून शिकलेल्या लक्ष्मण कराडी जाया यांनी सावित्रीबाईंच्या मायेची आठवण लिहून ठेवली आहे. महादू सहादू वाघोले सांगतात की फाटके लुगडे नेसलेली बाई दिसली की त्या घरातले लुगडे काढून देत. खर्च फार होतो म्हणून तात्या कुरकुरले, तर मरताना आपण बरोबर काय नेणार, असे हसून विचारत. तात्या गप्प! 

1882 साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी बारा वर्षांपर्यंत सक्तीचे प्राथमिक शिक्षण मागितले, मागास मुलांना शिष्यवृत्त्या मागितल्या, मास्तरांना बरा पगार मागितला. सही जोतीरावांची असली तरी त्यामागे वर्गात उभ्या राहिलेल्या बाईचा अनुभव आहे, असे आम्ही मानतो. शाहू महाराजांनी कोल्हापुरात 1917 साली ते मनावर घेतले. साऱ्या देशासाठी शिक्षणहक्काचा कायदा व्हायला 2009 साल उजाडले. जोतीरावांना गुरू मानणाऱ्या बाबासाहेबांच्या लेकरांना हा हिशेब पाठ असायला हवा.

28 नोव्हेंबर 1890 रोजी जोतीराव गेले. अंत्ययात्रेत टिटवे सावित्रीबाईंनी स्वतः धरले. 1893 साली सासवडच्या सत्यशोधक परिषदेच्या त्या अध्यक्षा होत्या.

1897 साली पुण्यात प्लेगाने थैमान घातले. सरकारी लोक घरात शिरून रोगी ओढून नेत, म्हणून माणसे आजारी पोर लपवून ठेवत. सावित्रीबाईंनी यशवंताला बोलावून घेतले आणि हडपसरजवळ ससाणे यांच्या माळावर दवाखाना उघडला. वय सहासष्ट. रोगी आणायला त्या स्वतः जात. मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाड याच्या मुलाला प्लेगाची गाठ आल्याचे कळले. शिवायला कोणी धजेना. माईंनी ते पोर पाठीवर घेतले आणि मुंढव्याहून माळावरच्या दवाखान्यापर्यंत आणले. त्यातून त्यांना लागण झाली. 10 मार्च 1897 रोजी रात्री त्यांनी देह ठेवला.