चार वर्षांची धाव

पेपरमधलं खेळाचं पान आपल्यातल्या बहुतेकजणी न उघडताच बाजूला ठेवतात. मीही त्यातलीच. माझी पदवी कला शाखेची, पुढे संसार, आणि मुलं जरा मोठी झाल्यावर बचत गट नि आरोग्य शिबिरं. माझं स्वतःचं धावणं म्हणाल तर एसटी पकडण्यापुरतं. तरीसुद्धा आज मी एका धावणाऱ्या मुलीबद्दल लिहायला बसलेय. लिलियन बोर्ड तिचं नाव, इंग्लंडची. ती गेली तेव्हा तिच्या बाविसाव्या वाढदिवसाला जेमतेम तेरा दिवस झाले होते.

तिचा जन्म १३ डिसेंबर १९४८ चा, दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बन शहरातला. आईवडील मूळचे इंग्लंडमधले. दुसरं महायुद्ध संपल्यावर नशीब काढायला तिकडे गेलेले. लिलियन आणि आयरिन या जुळ्या बहिणी तिथे जन्मल्या. पण कुटुंब काही तिकडे रमलं नाही. मुली लहान असतानाच सगळे मायदेशी परतले, आधी मँचेस्टरला राहिले आणि मग लंडनच्या इलिंग भागात स्थायिक झाले. साधं, कष्टकरी घर.

लिलियन तिथल्या मुलींच्या शाळेत जायची. शाळेत खेळ शिकवणाऱ्या बाई स्वतः खेळाडू होत्या. ही पोर इतरांसारखी धावत नाही, हे त्यांनी ओळखलं आणि तिला मुलींच्या एका अॅथलेटिक्स क्लबात नेऊन घातलं. एखादी बाई शाळेत भेटावी लागते हो! किती मुलींच्या पायात वेग असेल आणि तो बघणारं कुणी नसेल, हे मनात येतंच. सुरुवातीला लिलियन लांब उडी मारायची. पळण्याकडे ती नंतर वळली. वडील जॉर्ज बोर्ड तिच्याबरोबर मैदानावर जाऊ लागले आणि पुढे तेच तिचे प्रशिक्षक झाले. ती नोकरी करायची टायपिस्टची. तेव्हा धावपटूंनी धावण्याचे पैसे घ्यायचे नाहीत असा कडक नियम होता. त्यामुळे दिवसभर टकटक टाइप करायचं आणि संध्याकाळी ट्रॅकवर जायचं. शिवणाची तिला आवड होती, आपले कपडे ती स्वतः शिवायची. हे वाचल्यावर ती मला एकदम ओळखीची वाटायला लागली.

आता तिच्या शर्यतीबद्दल थोडं सांगायला हवं. चारशे मीटर म्हणजे ट्रॅकची पूर्ण एक फेरी. शंभर मीटर डोळे मिटून पळता येतं म्हणतात, पण चारशेचं तसं नाही. सुरुवातीलाच सगळा जोर लावला तर शेवटी पाय दगडासारखे होतात, आणि राखून ठेवला तर पुढची हाताला लागत नाही. मुळात बायकांना एवढं पळणं झेपतं हेच जगाला पटत नव्हतं. १९२८ साली अॅमस्टरडॅमच्या ऑलिम्पिकमध्ये बायकांची आठशे मीटरची शर्यत ठेवली. शर्यतीनंतर काहीजणी दमून मैदानावर आडव्या झाल्या. पुरुषसुद्धा होतातच की! पण पेपरांनी त्याचा एवढा गवगवा केला, की ती शर्यतच बंद झाली. १९६० पर्यंत ऑलिम्पिकमध्ये बायकांना दोनशे मीटरच्या पुढे धावायला मिळालं नाही. चारशे मीटर तर १९६४ साली टोकियोमध्ये पहिल्यांदा आली. आपली स्टेफी डिसूझा त्या वर्षी त्या शर्यतीत धावली होती. लिलियन त्यानंतर लगेचच्या पिढीतली.

१९६६ मध्ये, सतरा वर्षांची असताना, जमैकातल्या राष्ट्रकुल स्पर्धेत ४४० यार्डांच्या शर्यतीत तिचा पाचवा नंबर आला. फारसं कुणाच्या लक्षात आलं नाही. पुढच्या वर्षी मात्र लॉस एंजेलिसला अमेरिका विरुद्ध राष्ट्रकुल असा सामना झाला आणि तिथे ती मागून येऊन चारशे मीटर जिंकली. वेळ ५२.८ सेकंद. एका शर्यतीत ही इलिंगची टायपिस्ट सगळ्या ब्रिटनची लाडकी झाली. दिसायला गोड, सोनेरी केसांची, बोलायला मोकळी. मेक्सिकोचं ऑलिम्पिक यायच्या आधीच पेपरवाल्यांनी तिच्या गळ्यात सुवर्णपदक घालून टाकलं होतं. एकोणीस वर्षांच्या मुलीवर हे केवढं ओझं!

१६ ऑक्टोबर १९६८. मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटर उंचावर. चारशे मीटरची अंतिम फेरी. शेवटच्या वळणावरून बाहेर पडली तेव्हा लिलियन पुढे होती. समोर सरळ रस्ता, पुढे कुणी नाही. आणि मग बाहेरून फ्रान्सची कोलेट बेसाँ आली. बाविशीची, फारशी कुणाला माहीत नसलेली. ती जवळ येत गेली, येत गेली आणि अगदी शेवटच्या पावलांना पुढे गेली. बेसाँ ५२.० सेकंद, लिलियन ५२.१. सेकंदाचा दहावा हिस्सा म्हणजे आपली पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागत असेल.

बेसाँ पदक घेताना रडली, फ्रान्सही तिच्याबरोबर रडला. लिलियनच्या हातात रौप्यपदक. तिची ही वेळ ब्रिटनमधली तोवरची सर्वांत चांगली होती. पण बोललं गेलं ते हुकलेल्या सोन्याबद्दल. दहावीला ९० टक्के मिळवून घरी आलेल्या मुलीला उरलेले दहा कुठे गेले असं विचारणारी घरं आपण पाहतोच. तिच्या वडिलांनी मात्र तसं काही केलं नाही. ते तिला पुढच्या वर्षाच्या तयारीला घेऊन गेले.

आणि पुढचं वर्ष तिचं होतं. सप्टेंबर १९६९, ग्रीसमधलं अथेन्स, युरोपियन अजिंक्यपद स्पर्धा. लिलियन या वेळी चारशे सोडून आठशे मीटर धावली, म्हणजे दोन फेऱ्या. बायकांसाठी ज्या शर्यतीवर इतकी वर्षं बंदी होती, तीच. जिंकली २ मिनिटं १.४ सेकंदांत, आणि तीही अशी, की शेवटी तिच्या आसपास कुणी नव्हतं.

पण मला तिची आठशे मीटरपेक्षा त्याच स्पर्धेतली रिले जास्त आवडते. चौघींनी एकेक फेरी धावायची आणि हातातली बॅटन पुढचीला द्यायची. बायकांची चार गुणिले चारशे मीटरची रिले युरोपियन स्पर्धेत त्या वर्षी पहिल्यांदाच होत होती. ब्रिटनच्या संघात रोझमेरी स्टर्लिंग, पॅट लोव, जेनेट सिम्पसन आणि शेवटी लिलियन. यातल्या जेनेटची गोष्ट ओघात सांगते. तिची आई व्हायोलेट वेब १९३२ च्या ऑलिम्पिकमध्ये रिलेचं कांस्यपदक मिळवून आली होती, आणि लेकीनेही १९६४ साली त्याच रिलेत कांस्यपदक मिळवलं. मायलेकींचं एकच माप!

समोर फ्रान्स. त्यांच्या चौघींत निकोल द्यूक्लो होती आणि शेवटच्या फेरीला पुन्हा कोलेट बेसाँ. या दोघींनी त्याच स्पर्धेत चारशे मीटर ५१.७ सेकंदांत धावून जागतिक विक्रम केलेला. म्हणजे बेसाँ मेक्सिकोपेक्षाही जोरात होती. जेनेटकडून लिलियनच्या हातात बॅटन आली तेव्हा बेसाँ बरीच पुढे निघून गेली होती. जाणकारांनी शर्यत संपली असंच धरलं असणार. पहिल्या वळणावर अंतर तसंच. समोरच्या सरळ पट्ट्यात थोडं कमी. लिलियनने घाई केली नाही. ती बेसाँच्या पाठीवर नजर ठेवून धावत राहिली. शेवटच्या सरळ रस्त्यावर बेसाँ दमायला लागली आणि लिलियन एकेक हात जवळ येत गेली. रेषेवर दोघी एकदमच पोचल्या असं वाटलं. दोन्ही संघांची वेळ एकच, ३ मिनिटं ३०.८ सेकंद, दोन्हींचा जागतिक विक्रम. फोटो बघून निकाल द्यावा लागला. ब्रिटन पहिलं.

मेक्सिकोत जे शेवटच्या पावलांना गेलं, तेच अकरा महिन्यांनी शेवटच्या पावलांना परत आलं. आणि आलं ते चौघींचं मिळून आलं. बचत गटात काम करणाऱ्या माझ्यासारखीला हे जास्त भिडलं तर नवल नाही. जिची पाळी शेवटची असते तिच्याकडे सगळ्या बघतात, पण आधीच्या तिघींनी अंतर राखलं नसतं तर तिला धरायला काही उरलंच नसतं.

१९७० उजाडलं ते ब्रिटनच्या राणीच्या सन्मानाने, लिलियनला एमबीई हा किताब मिळाला. डोळ्यापुढे आता १९७२ चं म्युनिक ऑलिम्पिक होतं. आठशे मीटरचं सुवर्णपदक.

त्याच वर्षी तिच्या पोटात दुखायला लागलं.

ती धावत राहिली. मे महिन्यात इटलीत एक मैलाची शर्यतसुद्धा धावली. २० जूनला लंडनच्या क्रिस्टल पॅलेस मैदानावर राष्ट्रीय स्पर्धेत आठशे मीटरला तिसरी आली. वेळ २ मिनिटं ५.१ सेकंद. वर्षभरापूर्वी जी सगळ्यांना मागे टाकत होती ती तिसरी. ही तिची शेवटची शर्यत.

इथे जरा थांबते. आरोग्य शिबिरात बायका तपासून घेतात, गोळ्या घेतात, आणि निघताना दाराशी उभं राहून हळूच सांगतात की पोटात जरा दुखतं, शौचाच्या वेळी रक्त जातं, पण ते काय, चालायचंच. पाळीचं असेल, उष्णतेचं असेल, मूळव्याध असेल. मला तेव्हा लिलियन आठवते. तिचं शरीर म्हणजे तिचं काम होतं, सेकंदाच्या दहाव्या भागाचं तिला भान होतं, वय एकवीस. तिच्या पोटातलं दुखणं नेमकं काय आहे हे कळायलाच काही महिने गेले. मग आपण घरकाम करत, दुखणं पदराआड लपवणाऱ्या बायका कुठे? दुखणं पंधरा दिवसांवर गेलं, रक्त दिसलं, वजन उतरायला लागलं, तर दाराशी नाही, डॉक्टरांच्या समोर खुर्चीत बसून सांगायचं. एवढं मी प्रत्येकीला बजावते.

जुलैमध्ये एडिंबराला राष्ट्रकुल स्पर्धा झाली, तिथे लिलियन नव्हती. आठशे मीटर जिंकली तिच्याच रिले संघातली रोझमेरी स्टर्लिंग. शरद ऋतू आला तोवर निदान झालं होतं. मोठ्या आतड्याचा कॅन्सर, आणि तो पसरलेला. ऑक्टोबरमध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली. फार काही करता येण्यासारखं उरलं नव्हतं.

नोव्हेंबरमध्ये घरच्यांनी तिला जर्मनीत बव्हेरियातल्या डोंगरांत डॉ. जोसेफ इसेल्स यांच्या दवाखान्यात नेलं. दुसऱ्या डॉक्टरांनी हात टेकलेले रोगी हे गृहस्थ घेत. दात, टॉन्सिल काढायचे, विशेष आहार द्यायचा, मुद्दाम ताप आणायचा, अशी त्यांची पद्धत. ब्रिटनमध्ये यावरून मोठा वाद झाला. पुढे १९७१ मध्ये तिथल्या तज्ज्ञांच्या समितीने पाहणी केली आणि या उपचारांनी कॅन्सर हटतो याला आधार सापडला नाही, असा अहवाल दिला. तरी मला तिच्या आईवडिलांना बोल लावावासा वाटत नाही. बाविशीच्या लेकीसाठी कुणीही कुठलंही दार ठोठावेल. पण अशी दारं उघडून बसणाऱ्यांबद्दल मात्र मला चीड आहे. आपल्याकडेही शेत गहाण टाकून त्या दारांशी गेलेली घरं मी पाहिली आहेत.

तिच्याबरोबर तिचा होणारा नवरा, खेळांवर लिहिणारा पत्रकार डेव्हिड एमरी होता. १३ डिसेंबरचा वाढदिवस दवाखान्यातच गेला. नाताळच्या सुमाराला तब्येत एकदम ढासळली, तिला म्युनिकच्या मोठ्या रुग्णालयात हलवलं, आणि २६ डिसेंबर १९७० ला ती गेली. म्युनिकमध्ये! ज्या गावात तिला धावायचं होतं, त्याच गावात. लंडनच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलमध्ये तिची प्रार्थनासभा झाली. डेव्हिडने पुढच्या वर्षी तिच्यावर पुस्तक लिहिलं, त्याचं नावही नुसतं 'लिलियन'.

बेसाँसुद्धा २००५ साली कॅन्सरनेच गेली, एकोणसाठाव्या वर्षी.

म्युनिकच्या ऑलिम्पिक परिसरात लिलियनच्या नावाचा एक छोटा रस्ता आहे. १९७२ मध्ये तिथे बायकांची चार गुणिले चारशे मीटर रिले ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा धावली गेली. ब्रिटनच्या चौघींत जेनेट सिम्पसन आणि रोझमेरी स्टर्लिंग होत्या.