तीन ऑलिम्पिक, तीन सुवर्ण आणि खाल्लेले गोल फक्त दोन : नागपुरात जन्मलेला गोलकीपर रिचर्ड अ‍ॅलन

टोकियोत जर्मनीला हरवून भारताला ४१ वर्षांनी हॉकीचं पदक मिळालं, तेव्हा श्रीजेश गोलपोस्टवर चढून बसला होता. तो फोटो त्या दिवशी निम्म्या महाराष्ट्राच्या स्टेटसला होता. गोलकीपरच्या वाट्याला असं कौतुक क्वचितच येतं. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पेठांचे फुटबॉल सामने बघितलेल्याला हे वेगळं सांगायला नको. गोल करणारा खांद्यावर आणि गोल खाणारा शिव्यांवर, असा तिथला हिशोब असतो.

हॉकीतही तेच झालं. ध्यानचंदचं नाव शाळकरी पोराला विचारा, लगेच सांगेल. त्याच्याबरोबर तिन्ही ऑलिम्पिकला गेलेला, तिन्ही वेळा सुवर्णपदक घेऊन आलेला आणखी एक गडी होता आणि त्याचा जन्म आपल्या नागपूरचा होता, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं.

त्याचं नाव रिचर्ड जेम्स अ‍ॅलन. जन्म ४ जून १९०२. नागपूर तेव्हा मध्य प्रांताची राजधानी. अ‍ॅलन अँग्लो-इंडियन समाजातला. रेल्वे, तारखातं, कस्टम्स अशा खात्यांत या समाजाची माणसं मोठ्या संख्येने होती आणि जिथे त्यांची वस्ती, तिथे हॉकीचं मैदान ठरलेलं. अ‍ॅलन शिकला मसुरीला, आधी ओक ग्रोव्ह शाळेत आणि मग सेंट जॉर्जेस कॉलेजात. ओक ग्रोव्ह ही रेल्वे कंपनीने आपल्या नोकरवर्गाच्या मुलांसाठी डोंगरात काढलेली शाळा. पुढे तो बंगालकडून खेळू लागला. कलकत्त्यात बायटन कप १८९५ पासून सुरू होता, म्हणजे देशातली तालेवार हॉकी तिथेच बघायला मिळायची.

१९२८ ला भारताने पहिल्यांदा ऑलिम्पिकला हॉकी संघ पाठवायचं ठरवलं. निवडीसाठी कलकत्त्यात आंतरप्रांतीय स्पर्धा झाली. संयुक्त प्रांत, पंजाब, बंगाल, राजपुताना आणि मध्य प्रांत असे पाच संघ आले. मुंबई त्यात नव्हती. अ‍ॅलन बंगालकडून निवडला गेला, तर नागपूरच्या मध्य प्रांताकडून मायकेल रॉक आणि रेक्स नॉरिस हे दोघे. संघात निम्म्याहून अधिक खेळाडू अँग्लो-इंडियन होते.

पैशाची बोंब होतीच. शेवटच्या दोन खेळाडूंना न्यायचं की नाही, इथपर्यंत गोष्ट आली होती आणि त्यातला एक होता नॉरिस. बंगालने मदत केली म्हणून ते जाऊ शकले. त्यात बोटीवर चढण्याआधी मुंबईत एक सामना झाला आणि स्पर्धेत न उतरलेल्या त्याच मुंबईने ऑलिम्पिकच्या संघाला ३-२ ने हरवलं! १० मार्चला कैसर-ए-हिंद बोट सुटली, तेव्हा धक्क्यावर निरोप द्यायला तिघेजण होते. संघाकडून कुणाला कसली आशा नव्हती, हे यावरून कळतं.

अ‍ॅमस्टरडॅममध्ये मग काय झालं? ऑस्ट्रिया ६-०, बेल्जियम ९-०, डेन्मार्क ५-०, स्वित्झर्लंड ६-०. फायनल २६ मे रोजी, यजमान नेदरलँड्सशी. कर्णधार जयपाल सिंग फायनलआधीच संघ सोडून गेलेला, काही खेळाडू जखमी नाहीतर आजारी, खुद्द ध्यानचंद तापाने फणफणलेला. तरी भारत ३-० ने जिंकला. पाच सामन्यांत २९ गोल केले आणि एकही खाल्ला नाही. गोलात पाचही सामने अ‍ॅलन. तेव्हा गोलकीपरला हेल्मेट नव्हतं, आजच्यासारखं अंगभर कवचही नव्हतं. पायाला पॅड बांधायचे आणि लाकडासारखा टणक चेंडू अंगावर घ्यायचा.

परतल्यावर मुंबईच्या त्याच धक्क्यावर महापौरांसकट प्रचंड गर्दी जमली.

१९३२ ला लॉस एंजेलिसमध्ये हॉकीचे संघ तीनच. जगभर मंदी होती, एवढा लांबचा खर्च युरोपला झेपला नाही. जपानविरुद्ध गोलात आर्थर हिंड होता, तो सामना ११-१. अमेरिकेविरुद्ध अ‍ॅलन उतरला आणि तो सामना भारताने २४-१ ने मारला. ऑलिम्पिकमधला हा विक्रम आजही कायम आहे.

त्या एका गोलाचा किस्सा मजेशीर सांगतात. चेंडू आपल्याकडे येतच नाही म्हटल्यावर अ‍ॅलन गोल सोडून बाजूला प्रेक्षकांना सह्या देत होता आणि तेवढ्यात अमेरिकेने गोल केला. किस्स्याला तिखटमीठ लागलेलं असणार, पण लोकांनी तो खरा मानला यातच सगळं आलं. समोरच्या टोकाला रूपसिंग दहा आणि ध्यानचंद आठ गोल ठोकत असताना गोलकीपरने करायचं तरी काय? वाईट एवढंच, की आज अ‍ॅलनचं नाव निघालंच तर या सह्यांसाठी निघतं, १९२८ च्या पाच कोऱ्या सामन्यांसाठी नाही.

१९३६ चं बर्लिन वेगळं होतं. स्पर्धेआधी सरावाच्या सामन्यात जर्मनीने भारताला ४-१ ने हरवलं होतं आणि फायनलला समोर तोच जर्मनी. पावसाने सामना एक दिवस पुढे गेला आणि तारीख आली १५ ऑगस्ट. खेळायला उतरण्याआधी सहव्यवस्थापक पंकज गुप्तांनी ड्रेसिंग रूममध्ये काँग्रेसचा तिरंगा काढला आणि संघाने त्याला सलाम केला. बाहेर अधिकृत झेंडा ब्रिटिश हिंदुस्थानचा. हिंदू, मुसलमान आणि अँग्लो-इंडियन असा तो संघ. त्या खोलीत नागपूरचा अ‍ॅलन होता आणि त्याच्या पुढे हाफबॅकला खेळणारा बाबू निमल पुण्याचा.

मध्यंतराला भारत फक्त १-० ने पुढे. उत्तरार्धात ध्यानचंदने बूट काढले आणि सामना ८-१ वर संपला. जर्मनीचा तो गोल म्हणजे अख्ख्या स्पर्धेत भारतावर झालेला एकमेव गोल.

आता बेरीज करा. तीन ऑलिम्पिकमध्ये भारताचे १०२ गोल, खाल्लेले तीन. त्यातला एक हिंडवर झालेला. म्हणजे अ‍ॅलनच्या मागे चेंडू गेला दोनदाच, एकदा लॉस एंजेलिसमध्ये आणि एकदा बर्लिनमध्ये.

त्यानंतरची दोन ऑलिम्पिक महायुद्धाने गिळली. ती सुवर्णाची माळ १९६० ला रोममध्ये पाकिस्तानने तोडली. १९६८ ला मेक्सिकोत भारत पहिल्यांदाच फायनलला पोहोचला नाही, कांस्यपदकावर परतला. अ‍ॅलन गेला त्याच्या पुढच्या वर्षी, १९६९ मध्ये.