प्रार्थनेकडे परतलेली तेरेसा

प्रार्थना सुटलेली माणसे भेटली की त्यांच्याकडून एक कारण हमखास ऐकू येते. आता कोणत्या तोंडाने देवासमोर जायचे, असे ती विचारतात. पावणेपाचशेहून अधिक वर्षांपूर्वी एका धर्मभगिनीनेही नेमक्या याच कारणासाठी प्रार्थना सोडली होती. ती होती आविलाची संत तेरेसा.

तेरेसाचा जन्म स्पेनमध्ये २८ मार्च १५१५ रोजी झाला. लहानपणीच ती आईला पारखी झाली. १५३५ साली तिने आविला येथील कार्मेल मठात प्रवेश केला. पुढे ती इतकी आजारी पडली की चार दिवस तिला शुद्धच नव्हती. मठात तिच्यासाठी कबरही खणून ठेवली होती. ती वाचली, पण अंगातील लुळेपण जायला सुमारे तीन वर्षे लागली. या दुखण्यातून आपण संत योसेफच्या मध्यस्थीने उठलो, अशी तिची श्रद्धा होती.

बरी झाल्यावर मात्र तिचे मन वेगळ्याच गोष्टींत गुंतले. मठाच्या भेटीच्या खोलीत लोकांची सतत ये-जा असे. तेरेसा बोलकी आणि सर्वांना हवीहवीशी. गप्पांत दिवस जाऊ लागले आणि एकांतात देवाशी बोलायला तिला संकोच वाटू लागला. आपल्यासारखीने प्रभूशी जवळीक करणे बरे नव्हे, सर्वांबरोबर तोंडी प्रार्थना म्हणाव्यात तेवढ्या पुरे, असे तिने ठरवले. वर्षभराहून अधिक काळ तिची मनन-प्रार्थना बंद होती. विशेष म्हणजे, वडिलांना ही प्रार्थना तिनेच शिकवली होती! वडील भेटायला येत, देवाविषयी बोलत. तेव्हा प्रकृतीचे कारण पुढे करून तिने वेळ मारून नेली. त्या भल्या माणसाने त्यावर विश्वास ठेवला.

१५४३ च्या अखेरीस वडील वारले. त्यांच्या आजारपणात तेरेसाने त्यांची सेवा केली होती. त्यांचे पापनिवेदन ऐकणाऱ्या डोमिनिकन धर्मगुरूंपाशी तिने आपले मन मोकळे केले. काहीही झाले तरी प्रार्थना सोडू नकोस, असे त्यांनी तिला बजावले आणि दर पंधरा दिवसांनी ख्रिस्तशरीर स्वीकारायला सांगितले. तेरेसाने ते ऐकले. आपण जिला नम्रता समजत होतो तो सैतानाचा डाव होता, हे तिने पुढे आत्मचरित्रात स्पष्ट लिहून ठेवले.

प्रियजनहो, हा मुद्दा आपण नीट समजून घेऊ या. मी पापी आहे असे म्हणणे ही नम्रता आहे. पण मी पापी आहे म्हणून देवाकडे जाणार नाही, असे म्हणताना आपण देवाच्या दयेला मर्यादा घालतो. आजारी माणसाने बरे झाल्यावरच डॉक्टरकडे जायचे ठरवले तर त्याचे काय होईल?

परतल्यानंतरही तेरेसाला प्रार्थना सोपी गेली नाही. प्रार्थनेची वेळ कधी संपते याकडेच कितीदा तिचा कान असे. तरी ती बसून राही. अशी अनेक वर्षे गेली. १५५४ मध्ये, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, जखमांनी भरलेल्या ख्रिस्ताच्या पुतळ्यासमोर तिचे हृदय पाझरले. तेथून तिचे जीवन पालटले. २४ ऑगस्ट १५६२ रोजी तिने संत योसेफच्या नावाने छोटा मठ सुरू केला आणि कार्मेल संघाच्या नूतनीकरणाला हात घातला. १५८२ च्या ऑक्टोबरमध्ये आल्बा दे तोर्मेस येथे तिने देह ठेवला. १६२२ मध्ये संत फ्रान्सिस झेवियर यांच्याबरोबरच तिला संतपद मिळाले. १९७० साली पोप सहावे पॉल यांनी तिला ख्रिस्तसभेची आचार्य घोषित केले. हा मान मिळालेली ती पहिली स्त्री. जिने एकेकाळी प्रार्थना सोडली होती, तीच प्रार्थनेची शिक्षिका झाली.

आपल्यापैकी कुणाची सायंप्रार्थना सुटली असेल, तर कुणी कित्येक वर्षांत प्रायश्चित्त संस्कार घेतला नसेल. मुलांना रोझरी म्हणायला बसवून स्वतः बाजूला होणारे आईवडीलही आपल्यात असतील. आधी सुधारू आणि मग देवाकडे जाऊ, असे म्हणत आपण थांबू नये. आज रात्री निजण्यापूर्वी पाच मिनिटे क्रुसासमोर बसू या. शब्द सुचले नाहीत तरी चालेल, लक्ष घड्याळाकडे गेले तरी चालेल. उठून मात्र जाऊ नये.

संत तेरेसा, आम्हांसाठी विनंती कर.