ऑलिंपिकवीर खाशाबा

सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळ गोळेश्वर नावाचे लहानसे गाव आहे. १५ जानेवारी १९२६ रोजी या गावात खाशाबा जाधव यांचा जन्म झाला. त्यांचे वडील दादासाहेब हे पैलवान होते. खाशाबांनी कुस्तीचे पहिले डाव वडिलांकडूनच शिकले.

कऱ्हाडच्या टिळक हायस्कूलमधील शिक्षणानंतर खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात गेले. कोल्हापूर म्हणजे पैलवानांचे माहेरघर! तेथे त्यांची कुस्ती बहरली. ते अंगाने लहानखुरे होते, पण फार चपळ होते.

१९४८ साली लंडनला ऑलिंपिक सामने भरले. कोल्हापूरच्या महाराजांनी खाशाबांना प्रवासखर्च दिला. खाशाबांना मातीतल्या कुस्तीची सवय होती. लंडनमध्ये मात्र गादीवर खेळायचे होते. तेथील नियमही वेगळे होते. तरी त्यांनी सहावा क्रमांक मिळवला. पदक हुकले, पण ते खचले नाहीत. पुढची चार वर्षे त्यांनी कसून सराव केला.

१९५२ साली फिनलंडमधील हेलसिंकी येथे जायचे ठरले. पण पैसे कोठून आणायचे? खाशाबांनी लोकांकडून मदत गोळा केली. ती पुरेना. तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवले आणि सात हजार रुपये उभे केले.

गुरुजनांच्या या विश्वासाचे खाशाबांनी चीज केले. ५७ किलो वजनगटात त्यांनी कॅनडा, मेक्सिको व जर्मनीच्या पैलवानांना हरवले आणि कांस्यपदक पटकावले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळात मिळालेले हे पहिले ऑलिंपिक पदक होते.

खाशाबा परत आले. शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. सारा गाव आनंदाने नाचला. पण खाशाबा सत्कारात रमले नाहीत. त्यांना प्राचार्यांचे गहाण घर आठवत होते. त्यांनी कुस्त्यांचे सामने भरवले, स्वतः कुस्त्या केल्या आणि मिळालेल्या पैशांतून ते घर सोडवले.

१९५५ साली ते पोलीस खात्यात नोकरीला लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात त्यांचे निधन झाले. त्यानंतर अनेक वर्षांनी त्यांना मरणोत्तर अर्जुन पुरस्कार देण्यात आला.

खाशाबांच्या पदकामागे त्यांचे कष्ट होते, तसाच अनेकांचा त्यागही होता. तो त्याग ते कधी विसरले नाहीत. म्हणूनच ते जसे मोठे पैलवान होते, तसेच मोठे माणूसही होते.